प्रेसात गेलेली वही

फोन आला तेव्हा मी अंगणातल्या बाजेवर कुरडया उलटवत होते. अकोल्याहून आनंद बोलत होता, रुखमाचा थोरला मुलगा. आवाज अगदी कोरडा, रडून झाल्यावर होतो तसा. "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला, पेपर चाळला, आणि खुर्चीतच…" मी बाजेच्या कडेला बसले. मग तोच म्हणाला, "तुम्ही तिच्या सगळ्यांत जुन्या मैत्रीण. चार ओळी सांगाल का? प्रेसला द्यायच्या आहेत."

आणि मला हसू आलं. तोंडावर पदर धरला तरी आलं. म्हातारीचं डोकं फिरलं असंच आनंदला वाटलं असणार. मी म्हटलं, "बाळा, रागावू नकोस. तुझ्या आईनं लहानपणी एक वही प्रेसला दिली होती, ते तुला माहीत आहे का?" तो म्हणाला, "तिनं सरांचं पुस्तक छापून घेतलं होतं, तेच ना?" म्हणजे रुखमानं पोरांना गोष्टीचा शेवटच तेवढा सांगितला होता. त्या दिवशी मी त्याला जन्मगाव, शिक्षण, नोकरी अशा चार ओळी सांगितल्या आणि फोन ठेवला. त्याला पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी रडले थोडी आणि आठवून आठवून हसले जास्त. राहिलेली गोष्ट आता इथे लिहिते.

रुखमा अमरावतीच्या आमच्या शाळेत नववीत आली, ते वर्ष सत्तावन्न. तिचं गाव तिवस्याकडचं, कौंडण्यपूरच्या अलीकडे दोन कोसांवर. वडील वारले आणि तिची माय, देवकाबाई, लेकीला आणि लहानग्या लेकाला घेऊन अमरावतीला आली, जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत कामाला लागली. आदल्याच वर्षी मायलेकी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्या होत्या. "तठीच मायनं ठरवलं, का पोरीले मॅट्रिक करतो," असं रुखमा सांगायची. बाईंनी तिला माझ्या बाकावर बसवलं. मी वकिलाची मुलगी, घरात पुस्तकी मराठी. आणि ही "मी येतो, मी लिहितो, मले दे" असं बोलणारी. वर्ग हसायचा. ती हसणाऱ्यांकडे नीट बघून घ्यायची, जणू कोण कोण हसलं ते लक्षात ठेवते आहे, आणि पुन्हा तसंच बोलायची. आठ दिवसांत आम्ही डबा एकत्र खाऊ लागलो. तिची ज्वारीची भाकर आणि ठेचा, माझी पोळी आणि गूळतूप. अदलाबदल तिनंच सुरू केली, मला न विचारता.

त्याच वर्षी इंग्रजी शिकवायला दातार सर पुण्याहून आले. सडपातळ, कोटाच्या खिशात दोन पेनं, आणि वऱ्हाडी कानावर पडली की चेहरा असा, जसं कुणी अंगावर ओरडलंय. पण माणूस मनाचा मोकळा. त्यांना एक वेड होतं. इंग्रजीतले अगदी साधे, रोजचे शब्द घ्यायचे आणि त्या एकेका शब्दाला किती अर्थ आहेत, कुठे कसा वापर होतो, ते मराठीतून लिहून ठेवायचं. "मोठे शब्द कुणालाही कळतात, कोशात एकच अर्थ असतो," ते म्हणायचे. "फसवतात ते हे छोटे." त्यांच्या त्या जाडजूड वहीत अशा शंभराहून जास्त शब्दांचे संसार मांडलेले होते. कितीतरी वर्षांचं काम, सगळं एका हातानं लिहिलेलं, दुसरी प्रत नाही. वही वापरून वापरून फुगली होती, कोपरे वळलेले, मधूनमधून चिकटवलेल्या चिठ्ठ्या बाहेर डोकावायच्या. ती कधीतरी छापून निघावी, मॅट्रिकच्या मुलांच्या हाती पडावी, एवढंच त्यांना हवं होतं.

एके दिवशी सर वर्गात प्रत्येकीला घरची माहिती इंग्रजीतून विचारत होते. रुखमाची पाळी आली. आई काय करते, असं सरांनी विचारलं. रुखमानं इंग्रजीत एवढंच सांगितलं, की माझी आई प्रेसमध्ये काम करते. ते बरोबरच होतं. आमच्याकडे त्या फॅक्टरीला सगळे प्रेसच म्हणायचे. शेतातला कापूस जिनात येतो, त्यातली सरकी वेगळी निघते, आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी बांधतात. अमरावतीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सर पुण्याचे. त्यांच्या लेखी प्रेस म्हणजे छापखाना. त्यांचा चेहरा एकदम उजळला. तास संपल्यावर त्यांनी रुखमाला थांबवलं. मी दारातच उभी होते. सरांनी वही तिच्या हातात दिली, अगदी दोन्ही हातांनी, बाळ द्यावं तशी. म्हणाले, "आईला दे. म्हणावं, मालकांना दाखवा. आपल्या प्रेसमधून होईल का आणि किती दिवस लागतील, तेवढं विचारून ये." रुखमा म्हणाली, "हो सर."

वाटेत तिनं वही उलटीसुलटी करून पाहिली आणि मला म्हणाली, "कुसुम, प्रेसात वही कायले देते वो हे?" आम्हा दोघींच्या डोक्यात फॅक्टरीच. मग तिनंच उत्तर शोधलं. "फुगली हाय ना. दाबून पाहिजे असन." ते आम्हाला इतकं पटलं, की पुढचा सगळा रस्ता आम्ही वही किती पातळ होईल यावरच बोलत गेलो. आज वाटतं, आमच्यापैकी एकीनं तरी मागे फिरून विचारायला हवं होतं. पण नवीन शाळा, पुण्याचे सर… विचारायची आमची छाती नव्हती.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सरांनी वर्गाबाहेर रुखमाला गाठलं. "काय म्हणाले प्रेसवाले?" रुखमा म्हणाली, "देल्ली सर. दाबून भेटन." सर हसले. त्यांना ती वऱ्हाडी गंमत वाटली. म्हणाले, "दाबून नाही, छापून." रुखमा तिथेच थांबली. तिचा चेहरा मी पाहत होते. आधी नुसता गोंधळ, मग हळूहळू काहीतरी उमजत गेलं, आणि मग तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. "सर," ती म्हणाली, "माय छापखान्यात नाई. माय रुईच्या प्रेसात हाय."

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. फॅक्टरीच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, रस्ताभर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग, हवेत रुईचे तंतू. देवकाबाई नुकतीच पाळी संपवून आली होती. केसांत, भुवयांत रुई, जसं पहाटेचं दव अंगावर बसलेलं. सर उंबऱ्यावरच टेकले. तिनं सगळं सांगितलं. "पोरीनं म्हनलं, मास्तरले वही दाबून पाहिजे. म्या मिस्त्रीले सांगतलं. थो लय हासला, म्हने ठेव त्या ढिगावर, पाहू. मंग मी रुईचा दुसरा फेरा आनाले गेलो. इकडं दुसरीनं ढीग लोटला प्रेसाच्या पेटीत. येऊन पाहतो तं गाठ बांधून तयार." ती थांबली. मग म्हणाली, "गुरुजी, मुनीमले सांगू नोका. गाठीत भायेरचं काई सापडलं, तं कामावरून काढून टाकते थे. आधी दोघीले काढलं."

सरांच्या उजव्या हाताच्या बोटावर शाईचा डाग होता, तो दुसऱ्या हातानं चोळत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "राहू द्या बाई. पुन्हा लिहीन मी. तुमचं काम जायला नको." त्यांनी रुखमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. एक शब्द रागाचा नाही. तेच रुखमाला सहन झालं नाही. चार थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती पुढे कितीदा तरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळेच्या रस्त्यावर ती माझी वाट पाहत उभी होती, दप्तराशिवाय. "तुहा मामा अकोल्याले गिरनीत हाय ना? गाठीचा टरक तठीच गेला. माय म्हने." मी म्हटलं, मग? "मी जाऊन राहिलो. येतं का तू?" मी तोवर घरी न सांगता कोपऱ्यावरच्या वाचनालयातही गेले नव्हते. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी असं होतं, की माझे पाय आपोआप घराकडे वळले. आईला सांगितलं, मामीनं बोलावलंय, मैत्रिणीची आई सोबत आहे. आयुष्यातलं पहिलं ठरवून बोललेलं खोटं. ते इतकं सफाईनं निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

अमरावतीहून बडनेऱ्याला छोटी गाडी, तिथून अकोल्याची. गाडीत रुखमानं मला गाठीची खूण सांगितली. मायला अक्षर येत नव्हतं, गाठीवरचा नंबर तिला वाचता आला नव्हता. पण हातातून गेलेली गाठ ती विसरणार नव्हती. जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली. मधली पट्टी आवळताना तुटली, म्हणून मिस्त्रीनं एक जुनी, गंजलेली पट्टी बांधली. आणि वरचं तरट शिवताना सुतळी सरली, तेव्हा देवकाबाईनं आपल्या लुगड्याची निळी किनार फाडून कोपऱ्याला टाका घातला. "गंजकी पट्टी अन् निया टाका," रुखमा मूर्तिजापूर येईपर्यंत पुटपुटत होती, परीक्षेला पाठ करतात तसं. मला भीती वाटत होती आणि मजाही. खिडकीबाहेर वेचणीला आलेले पांढरे मळे पळत होते. असलं काहीतरी माझ्या आयुष्यात घडतंय, यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

मामा जेवून गिरणीकडे निघण्याच्या बेतात होते. अकोल्याच्या एका कापडगिरणीत ते हेडक्लार्क. जाड चष्मा, जाड मिशा, घड्याळ लावावं असं त्यांचं वागणं. मामीनं चहा केला. मला कपबशी दिली. रुखमाला दिला तो काचेचा ग्लास, जो कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. रुखमानं चहा प्यायला, मोरीत जाऊन ग्लास स्वतः धुतला आणि पालथा घातला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी काही बोलले नाही… साठ वर्षं झाली, तो ग्लास मला अजून दिसतो.

मामांना आम्ही सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खरं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गिरणी म्हणजे काही आठवडी बाजार नाही, आत जाऊन गाठी चाचपायला. घरी जा." मी गप्प बसले असते. रुखमा बसली नाही. ती बोलतच राहिली. सर किती वर्षं लिहून राहिले होते, आता कसे पुन्हा लिहिणार, माय रात्रभर कशी झोपली नाही. मामा चपला घालू लागले तरी तिचं चालूच. शेवटी मामा वैतागून म्हणाले, "हे बघ मुली, मला फार प्रेस करू नकोस."

रुखमानं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी हळू म्हणाली, "म्या तं हातबी नाई लावला याहीले."

मामांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग खांदे. माझा मामा असा हसतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. दाराची कडी धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "अगं, प्रेस करणं म्हणजे फार आग्रह धरणं. इंग्रजीच आहे तेही." रुखमानं मान हलवली आणि गंभीरपणे म्हणाली, "हा बी अर्थ हाय म्हनजे." आणि मामा म्हणाले, "चला."

गिरणीतल्या त्या गोदामाएवढी मोठी खोली मी पुन्हा पाहिली नाही. छतापर्यंत गाठी. आमच्याकडून आलेल्या मालापैकी अर्धा आधीच पुढे गेला होता, आणि उरलेल्यातल्या गाठी दोन माणसं आमच्यासमोर फोडत होती. लोखंडी पट्टी तुटली की बंदूक सुटल्यासारखा आवाज व्हायचा आणि दाबलेली रुई श्वास घेतल्यागत फुगायची. तिथला मुख्य कामगार करीमचाचा, पांढरी दाढी, हातात गाठी ओढायचा लोखंडी आकडा. मामांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. रुखमा तोवर गाठींच्या रांगेतून सुटली होती. वाकून, चवड्यांवर उभी राहून, एकेका कोपऱ्याला हात लावत. मी दुसऱ्या बाजूनं. गंजलेल्या पट्ट्या मला चार दिसल्या, पण निळं कुठेच नाही. चाचा म्हणाला, "बेटी, नीचे भी देख." ती जमिनीवर पालथी पडली. सगळ्यांत खालच्या थराच्या फटीत हात घातला आणि तशीच राहिली. मी धावत गेले. तिचं बोट एका मळक्या निळ्या चिंधीवर होतं. चिंधी ती नुसती कुरवाळत होती, कारण ते तिच्या मायचं लुगडं होतं.

"ये तो परसों खुलने वाली थी," चाचा म्हणाला. पण त्यानं तिघांना हाक मारली आणि वरच्या गाठी आकड्यांनी ओढून बाजूला काढायला लावल्या. घामाघूम झाली माणसं. गंजकी पट्टी त्यानं स्वतः तोडली. रुईचे थर घडीच्या चादरीसारखे एकावर एक बसलेले. तो एकेक थर हातानं सोलत गेला. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून पाहत होतो. एका थराखाली कडक काहीतरी लागलं.

वही पापडासारखी चपटी झाली होती. कोपरे सरळ, चिठ्ठ्या जागच्या जागी, पानांच्या कडांना रुई चिकटलेली. समोरासमोरच्या पानांवर शाई एकमेकींत उमटलेली, पण प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. रुखमानं ती उघडली नाही. छातीशी धरली आणि म्हणाली, "सरले सांगतो, दाबून आनली."

आता मामांनी टेबलावरचं रजिस्टर उघडलं. गाठीत बाहेरची वस्तू सापडली तर नोंद व्हायची आणि ती अमरावतीच्या फॅक्टरीकडे जायची, असा नियम. मामांनी आयुष्यात नियम मोडला नव्हता. त्यांनी टाक शाईत बुडवला. रुखमा पुढे झाली. "नाव माहं लिहा. मायचं नोको. वही म्या देल्ली होती, मायनं नाई." मामा टाक धरून बसले. मग स्वतःशीच मोठ्यानं जुळवू लागले, "छापण्याच्या प्रेसला द्यावयाची वही, रुईच्या प्रेसला दिल्यामुळे… साहेब विचारेल, कोण्या शहाण्यानं दिली? मी म्हणणार, इंग्रजीच्या मास्तरानं." त्यांनी टाक पुसला, रजिस्टर मिटलं आणि करीमचाचाकडे पाहिलं. चाचा दाढी खाजवत म्हणाला, "मैंने तो रुई देखी, साहब. और क्या था?"

अमरावतीला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. स्टेशनवरूनच आमचे रस्ते वेगळे झाले. ती वही घेऊन फॅक्टरीच्या खोल्यांकडे पळत सुटली आणि मी घरी. घरी खोटं उघडं पडलेलं होतं. वडिलांनी काय केलं ते सांगत नाही. पण रात्री उशीत तोंड खुपसून मी रडण्याऐवजी हसत होते, एवढं आठवतं.

सोमवारी तिनं वही सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती हातात घेतली, उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. आम्ही सगळं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. मग वहीत प्रेस या शब्दाचं पान काढलं. चार अर्थ लिहिलेले होते. दाबणे. आग्रह करणे. छापखाना. वर्तमानपत्रवाले. खिशातलं पेन त्यांनी रुखमाला दिलं. "पाचवा माझ्याकडे नव्हता. तू लिही." तिनं तिरक्या, दाबून काढलेल्या अक्षरांत लिहिलं, "रुईच्या गाठी बांधतात ते ठिकाण. माझी माय तिथं काम करते." सरांनी ते खोडलं नाही, सुधारलंही नाही. मी म्हटलं, आमच्याकडे धोबी कपडे प्रेस करतो. सरांनी कपाळाला हात लावला आणि सहावा स्वतः लिहिला. मग रुखमाला म्हणाले, "मी विचारायला हवं होतं, कोणती प्रेस. तू विचारायला हवं होतंस, कशासाठी. दोघांचंही चुकलं." हे तिनं जन्मभर धरून ठेवलं.

ती मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झाली आणि अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागली. सर पुण्याला परत गेले. जाताना वही तिच्या स्वाधीन करून गेले, म्हणाले, आता तुला कळतं कोणत्या प्रेसला द्यायची ते. पासष्ट सालानंतर कधीतरी, नोकरी पक्की झाल्यावर, तिनं ती अकोल्यातल्या एका लहानशा छापखान्यात छापायला दिली. मला पत्र टाकून बोलावून घेतलं. पहिला फर्मा, म्हणजे छापलेला ताव, निघणार त्या दिवशी देवकाबाईही आली होती, स्वच्छ पांढरं लुगडं नेसून. पायानं चालवायचं ते यंत्र खटाखटा कागद गिळत होतं आणि परत देत होतं. म्हातारी खूप वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "हे बी प्रेसच म्हना?" मी म्हटलं, हो मावशी. तिनं एक ताजा कागद उचलला, बोटांत चोळून पाहिला, जशी रुईची प्रत पाहत असेल तशी, आणि म्हणाली, "लंबा धागा हाय." तेवढ्यात गावातल्या साप्ताहिकाचा एक माणूस चौकशीला आला. छापखान्याचे मालक म्हणाले, "हे प्रेसवाले." देवकाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "कोन्त्या प्रेसातले? म्या तं कधी पाह्यलं नाई याले." रुखमा यंत्राच्या आडोशाला जाऊन बसली, हसून हसून तिला उभं राहवेना. पुस्तकाची प्रत पुण्याला गेली. सरांचं कार्ड आलं, त्यात एवढंच होतं, "छपाई उत्तम. सरकी कुठेही नाही."

रुखमाच्या वर्गात एक रीत होती. कुणी काहीही सांगितलं की विचारायचं, "म्हणजे?" शिक्षकांनी सांगितलं तरी विचारायचं, तिनं स्वतः सांगितलं तरी. न विचारणाऱ्या मुलीवर ती जास्त चिडायची. दुसऱ्या शिक्षकांना हा आगाऊपणा वाटे. एकदा वसतिगृहात राहणाऱ्या दहावीतल्या एका मुलीनं रजेचा अर्ज दिला, "घरी काम आहे." रुखमानं विचारलं, "काम म्हणजे?" मुलगी वेणीचं टोक चाळवत राहिली. "काम म्हणजे काय वो? सांग मले." तेव्हा कळलं, दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं. त्याच दुपारी रुखमा दर्यापूरची बस धरून तिच्या घरी पोचली आणि संध्याकाळपर्यंत बापासमोर बसून राहिली. काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. मला वाटतं, मामांशी बोलली होती तशीच बोलली असेल. मुलगी परीक्षेला बसली.

गेल्या रविवारी अकोल्याला तिच्या शाळेच्या सभागृहात शोकसभा होती. मी गेले. खुर्च्या कमी पडल्या, बायका सतरंजीवर बसल्या, कितीतरी तर आता आज्या झालेल्या. एक पुढारी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मॅडम फार मोठ्या होत्या." मागून एका बाईचा आवाज आला, अगदी सहज, "मोठ्या म्हणजे?" पुढारी गोंधळले. सभागृहात खसखस पिकली. रागाची नव्हती ती. सगळ्यांना एकदम रुखमाच आठवली होती. ती बाई उभी राहिली आणि तिनंच सांगितलं. दर्यापूरची ती मुलगी हीच, केस पांढरे झालेले. तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. कुणी भाषण केलं नाही. जिच्या तिच्या वाट्याला काय आलं, ते सांगत गेल्या, आणि मध्येच कुणीतरी विचारत होतं, म्हणजे कुठे, म्हणजे कधी, म्हणजे कसं. दुखवट्याची सभा अशी रंगलेली मी पाहिली नव्हती. आनंद पहिल्या रांगेत बसून रडत होता आणि हसत होता.

मग मी उठले आणि वहीची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, गाळलं काहीच नाही. मामीचा ग्लासही सांगितला, आणि मी गप्प बसले तेही. बोलणं संपवून मी खाली बसत होते, तेव्हा बाजूनं एक मुलगी उठली, शाळेतली नवी शिक्षिका असावी. तिनं विचारलं, "आजी, संध्याकाळी मॅडम वही घेऊन घरी पळत गेल्या. तेव्हा माय काय म्हणाली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी मी माझ्या घरी गेले होते. सोमवारी सरांचंच बोलणं निघालं, मग परीक्षा, मग लग्नं, मुलंबाळं… साठ वर्षांत हजार गोष्टी बोललो आम्ही, पण त्या खोलीत, रुईनं माखलेल्या त्या बाईनं लेकीच्या हातात वही पाहिली तेव्हा काय झालं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मी आनंदकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी त्या मुलीला म्हटलं, "विचारायचं राहून गेलं गं."

ती बसली नाही. "राहून गेलं म्हणजे?" तिनं विचारलं. आणि सगळं सभागृह माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहू लागलं.